सांगली-साताऱ्याहून जर्मनीत नोकरीला निघालाय? पहिलं वर्ष कसं काढायचं, सगळं क्रमानं

गाव सोडून पोटामागं जाणं आपल्याकडं काय नवीन नाही. विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाईवाली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरलीत, पाटण-जावळीची माणसं पिढ्यानपिढ्या मुंबईला, आणि अपशिंगे मिलिटरीचं तर नावातच सगळं आलं. पण या सगळ्यांच्या आधी तिथं गावचं कुणीतरी पोचलेलं असायचं. मुंबईत उतरलं की गावकीची खोली असायची, झोपायला जागा, जेवायला खानावळ, कामाला चिकटवणारा ओळखीचा माणूस आणि सुट्टीच्या दिवशी बोलायला चार जण, हे सगळं आयतं मिळायचं. जर्मनीत ती खोली नाही. तिनं दिलेल्या या चारही गोष्टी तुम्हाला एकट्यानं उभ्या करायच्यात आणि पहिलं वर्ष जड जातं ते बहुतेक यामुळंच, थंडी आणि भाषा नंतर येतात.

मी मूळची मिरजेकडची, स्टुटगार्टजवळ एका हॉस्पिटलात नर्स आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत आपल्या राज्य सरकारनं बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार केला, स्टुटगार्ट ही त्याच राज्याची राजधानी, त्यामुळं इकडं काय करायचं कसं करायचं हे विचारणारे आता बरेच झालेत. म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहिते. नर्सिंगचं उदाहरण जास्त येईल कारण मला तेच माहितीय, पण इलेक्ट्रिशियन, फिटर, ड्रायव्हर, आयटीवाले सगळ्यांना बाकीचं लागू पडतं.

निघायच्या आधी

पहिली गोष्ट भाषा. नर्सला रजिस्ट्रेशनसाठी जर्मनची बी-टू लेव्हल, म्हंजे सहा पायऱ्यांतली चौथी, लागते, बाकी काही कामांना कमी चालते, पण व्हिसाला किती लागते यावर थांबू नका. पुण्याला मॅक्समुल्लर भवनात, म्हंजे जर्मन शिकवणाऱ्या संस्थेत, परीक्षा होते, क्लास आता आपल्याकडंही निघालेत, तर जमेल तितकं गावाकडंच करून या, कारण तिकडं गेल्यावर आठ तास ड्युटी करून, स्वयंपाक करून, परत पुस्तक उघडणं लई अवघड जातं. आणि बोलायची सवय करा. परीक्षेतला पेपर सोडवणं वेगळं आणि फोनवर समोरच्याचा चेहरा न बघता बोलणं वेगळं.

एजंटचं बघा जरा. परराष्ट्र मंत्रालयाचं ई-मायग्रेट नावाचं पोर्टल आहे, त्यावर नोंदणी असलेले एजंट दिसतात, तिथं नाव नसेल तर विषय तिथंच संपवा. नर्सिंगमध्ये बऱ्याच ठिकाणी भरतीचा खर्च तिकडचा मालकच करतो, त्यामुळं शेत गहाण टाकून लाखो रुपये कुणी मागत असेल तर सही करायच्या आधी दहा ठिकाणी विचारा. करारात पगार, कामाचे तास, राहायची सोय आणि मधेच नोकरी सोडली तर किती पैसे परत द्यायचे हे चार मुद्दे स्वतः वाचा, दुसऱ्याच्या तोंडून ऐकून विश्वास ठेवू नका.

मग घरची कामं. आधार, बँक, पॅन सगळं ज्या मोबाईल नंबरवर आहे तो नंबर कुठल्याही परिस्थितीत बंद पडू देऊ नका, इंटरनॅशनल रोमिंग चालू करून तिकडं ओटीपी येतो का याची सोय आधीच करून ठेवा. परदेशात राहायला गेल्यावर साधं सेव्हिंग खातं तसंच ठेवता येत नाही, ते एनआरओ, म्हंजे परदेशी राहणाऱ्याचं भारतातल्या पैशाचं खातं, करावं लागतं, आणि जर्मनीची कमाई भारतात पाठवायला एनआरई नावाचं वेगळं खातं काढा, त्यावरच्या व्याजाला भारतात टॅक्स नाही. जमिनीची, बँकेची कामं मागं कुणी बघणार असेल तर मुखत्यारपत्र करा, पण ठराविक कामापुरतं करा. कुलमुखत्यारपत्र म्हंजे सगळा कारभार दुसऱ्याच्या हातात, ते अगदी आई-बापाच्या नावानं असलं तरी विचार करून.

दात आणि चष्मा ही दोन कामं मिरज-सांगलीतच उरकून घ्या, तिकडं महाग पडतं आणि अपॉइंटमेंटला थांबावं लागतं. रोजच्या गोळ्या असतील तर जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या, डॉक्टरच्या इंग्रजी चिठ्ठीसकट.

बॅगेत काय? कुकर स्टीलचा आणि इंडक्शनला चालणारा घ्या, आपला अॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापतच नाही. मिक्सर चालतो, व्होल्टेज तिकडं पण २३०च आहे, फक्त पिनचं अॅडॉप्टर लागतं. कांदा-लसूण मसाला, हळद, भडंग, बेदाणे आणा. तूप, खवा, कंदी पेढे आणू नका, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून न्यायला बंदी आहे, ताजा कढीपत्ता नि मिरच्याही चालत नाहीत. आई ऐकणार नाही, तिला नीट समजावून सांगा. जाड कोट इकडून नेऊ नका, आपल्याकडं मिळतो तो तिकडच्या जानेवारीला पुरत नाही आणि अर्धी बॅग खातो. थर्मलचे दोन जोड पुरे.

पहिले पंधरा दिवस: कागदांचा क्रम चुकवायचा नाही

इथं एका कागदावर दुसरा कागद अवलंबून असतो, म्हणून क्रम महत्त्वाचा. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत तिथल्या नगरपालिकेच्या ऑफिसात पत्ता नोंदवायचा, याला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकानं सही केलेलं पत्र लागतं, नुसता भाडेकरार चालत नाही, ते पत्र किल्ली घेतानाच मागून घ्या. नोंदणी झाली की टॅक्सचा नंबर पोस्टानं घरी येतो, तो कंपनीला द्यायचा, नाहीतर पहिल्या पगारातून जास्तीचा टॅक्स कापला जातो, नंतर परत मिळतो पण ऐन गरजेच्या वेळी हात आखडतो.

आता एक साधी पण लई महत्त्वाची गोष्ट, दाराच्या लेटरबॉक्सवर स्वतःचं आडनाव लावा. पहिल्याच दिवशी. नाव नसेल तर पोस्टमन पत्र टाकत नाही, ते परत जातं, आणि इथं सरकार, बँक, इन्शुरन्स सगळे अजूनही पोस्टानं बोलतात. दोन-तीन जाड फाईली घ्या आणि आलेला प्रत्येक कागद त्यात लावा, एकही टाकायचा नाही.

पत्ता नोंदवताना धर्म विचारतात. आपल्या मिरज भागात ख्रिस्ती कुटुंबं बरीच आहेत त्यांच्यासाठी मुद्दाम सांगते, कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट असं लिहिलं की चर्च टॅक्स सुरू होतो, या राज्यात तो तुमच्या इन्कम टॅक्सच्या ८ टक्के असतो. द्यायचा की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं, पण माहीत असून ठरवावं. हिंदू, मुसलमान, बौद्ध, जैन यांना हा टॅक्स लागत नाही.

त्यानंतर बँकेत खातं, मग आरोग्य विमा. विमा सक्तीचा आहे, अर्धा हप्ता कंपनी भरते, आणि नवरा किंवा बायको नंतर आली आणि कमावत नसेल तर सरकारी विम्यात ती आणि मुलं जादा पैसे न भरता येतात. रेडिओ-टीव्हीची फी म्हणून घरटी महिन्याला १८.३६ युरो भरायला सांगणारं पत्र येईल, टीव्ही नसला तरी भरावीच लागते, फसवणूक समजून फाडू नका. खोली शेअर करत असाल तर पूर्ण घराची मिळून एकच. आणि लायबिलिटीचा विमा घ्या, वर्षाला साधारण ५० ते १०० युरोत होतो, घरमालकाची किल्ली हरवली, कुणाचं काही फुटलं तर तो भरतो, इथं जवळपास प्रत्येकाकडं असतो.

रेसिडन्स कार्डासाठीच्या ऑफिसात अपॉइंटमेंट उशिरा मिळते, काही शहरांत महिनोन्‌महिने. व्हिसा संपायच्या आधी अर्ज केला असेल तर घाबरायचं कारण नाही, मधल्या काळासाठी कागद देतात. पण आधी म्हंजे आधीच, संपल्यावर नाही.

खोली

सुरुवातीला कंपनी खोली देत असेल तर डोळे झाकून घ्या, आवडली नाही तरी. स्वतः शोधायला लागल्यावर कळतं की भाड्याचे दोन आकडे असतात, नुसतं भाडं आणि पाणी-हीटिंग धरून भाडं, जाहिरातीत मोठ्या अक्षरात बहुतेक छोटा आकडा असतो. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या नुसत्या भाड्याइतकं आणि ते तीन हप्त्यांत द्यायचा तुम्हाला कायद्यानं हक्क आहे. घर न बघता ऑनलाईन डिपॉझिट मागणारा शंभर टक्के फसवणारा. बऱ्याच घरांत किचन नसतं, म्हंजे ओटा, सिंक, शेगडी काहीच नाही, नुसत्या भिंतीतून नळाची पाईप आलेली, तेव्हा बघायला गेल्यावर हे आधी विचारा. किल्ली घेताना प्रत्येक खोलीचे, प्रत्येक ओरखड्याचे फोटो काढून ठेवा.

श्वाबेन भागात, म्हंजे स्टुटगार्टच्या आजूबाजूला, केरवोखं नावाची पद्धत आहे. जिना नि दारापुढची जागा झाडायची पाळी आठवड्या-आठवड्यानं प्रत्येक घरावर येते. दाराला पाटी अडकवलेली दिसली की आठवडा तुमचा. हे मनापासून करा. शेजारचे आजी-आजोबा तुमच्याशी बोलायला लागतील की नाही हे बऱ्याचदा यावरच ठरतं. कचरा वेगवेगळ्या डब्यात, काच रविवारी टाकायची नाही, रात्री दहानंतर आवाज नाही. प्लास्टिकची बाटली किंवा कॅन परत दिला की बहुतेक २५ सेंट मिळतात, तर त्या फेकू नका. नळाचं पाणी थेट प्यायचं, विकतचं लागत नाही.

हिवाळ्यात सगळ्यात मोठी भानगड बुरशीची. आपण वरण-भात शिजवतो, कुकरची वाफ, घरातच कपडे वाळत, आणि थंडी म्हणून खिडक्या गच्च बंद, मग भिंतीला काळे डाग पडतात आणि घरमालक पैसे मागतो. दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं खिडक्या पूर्ण उघडायच्या, हीटर तेवढ्यापुरता बंद करायचा. हीटरवरचा ३ नंबर म्हंजे साधारण २० डिग्री, ५ वर ठेवलं तर खोली लवकर तापत नाही, फक्त वर्षाच्या शेवटी हिशोबाचं बिल मोठं येतं.

खानावळ

ज्वारीचं पीठ भारतीय दुकानात मिळतं, नेहमी ताजं नसतं, मग भाकरी चिरते, त्याला गरम पाण्यात उकड काढूनच थापायची. गव्हाच्या पिठाच्या पुडक्यावर नंबर असतो, ४०५ म्हंजे आपला मैदा, चपातीला १०५० किंवा पूर्ण गव्हाचं मिसळून घ्या. डाळी-तांदूळ तुर्की दुकानात स्वस्त आणि चांगले, कोथिंबीर नि मिरच्या पण तिथंच. मार्च-एप्रिलमध्ये सुपरमार्केटात द्राक्षं दिसली की डब्यावर देश बघा, कधीकधी भारताची असतात. आपल्याकडनं तिकडं माल जातो हे माहीत असतं, पण तिथं हातात घेतल्यावर काय वाटतं ते तुम्हीच बघा.

फोडणीच्या आधी खिडकी उघडा, घरात धुराचे अलार्म असतात. कामाला जायचा कोट आणि गणवेश स्वयंपाकाच्या खोलीत टांगू नका, वास महिनाभर जात नाही.

रविवारी दुकानं बंद. किराणा, भाजी, कपडे, सगळं, कायद्यानं. शनिवारी संध्याकाळपर्यंत खरेदी करून ठेवायची सवय पहिल्याच आठवड्यात लावा.

काम

आता नर्सबायांनी हे नीट वाचा. आपल्याकडं इंजेक्शन, सलाईन, ड्रेसिंग आपण करतो आणि पेशंटला अंघोळ, खाऊ घालणं हे मावशी किंवा नातेवाईक करतात. जर्मनीत हे सगळं नर्सचंच काम, आणि तुमच्या डिग्रीला मान्यता मिळेपर्यंत तुम्ही मदतनीस म्हणून, कमी पगारात असता, त्यामुळं सुरुवातीला बहुतेक तेच करावं लागतं. आयसीयू चालवून आलेल्या पोरी पहिल्या महिन्यात रडतात ते यामुळं. मला सांगावंसं वाटतं की याला कमीपणा समजू नका, इथल्या स्वतः जर्मन नर्सही तेच करतात, आणि म्हाताऱ्या माणसाला अंघोळ घालताना जितकी भाषा शिकायला मिळते तितकी कुठल्या क्लासात मिळत नाही. मान्यतेसाठी परीक्षा किंवा अॅडॅप्टेशन कोर्स यातलं एक निवडायचं असतं, ते कधी सुरू करणार हे पहिल्याच महिन्यात वॉर्डच्या मुख्य नर्सला विचारून तारीख ठरवून घ्या, आपणहून कुणी ढकलत नाही.

दुसरी गोष्ट "हो" म्हणायची सवय. आपल्याला मोठ्या माणसापुढं समजलं नाही असं म्हणायला संकोच वाटतो, मान हलवतो आणि मग मैत्रिणीला विचारतो. इथं असं केलं तर औषधाचा डोस चुकू शकतो, मशीनवर हात जाऊ शकतो. समजलं नाही तर लगेच सांगा, आणि समजलं तरी सांगितलेलं काम स्वतःच्या शब्दात परत बोलून दाखवा. दोनदा विचारलं म्हणून इथं कुणी रागावत नाही, न विचारता चुकीचं केलं की मात्र विश्वास उडतो. चूक दाखवतील ती सरळ तोंडावर दाखवतील, गोड करून नाही, आणि दुपारी त्याच माणसानं तुमच्यासाठी कॉफी आणलेली असेल. राग मनात धरून बसू नका, त्याच्या मनात काही नसतं.

आणि क्लासात शिकलेली जर्मन पहिल्या दिवशी ऐकूच येणार नाही, कारण इथली माणसं श्वेबिश, म्हंजे या भागातली बोली, बोलतात. पुण्यात पुस्तकी मराठी शिकलेल्या माणसाला जतच्या बाजारात उभा केल्यासारखं. दोन-तीन महिन्यांत कान बसतो. तोवर सरळ सांगा, जरा सावकाश आणि पुस्तकी बोला, म्हणून.

आजारी पडलात तर ड्युटी सुरू व्हायच्या आधी फोन करा, तीन दिवसांपेक्षा जास्त असेल तर डॉक्टरचं सर्टिफिकेट, काही मालक पहिल्याच दिवशी मागतात, करारात बघा. नोकरीला चार आठवडे झाले की पुढं आजारपणात सहा आठवड्यांपर्यंत मालक पूर्ण पगार देतो. ताप अंगावर काढून कामाला गेलं तर कौतुक होत नाही, उलट घरी पाठवतात. जीवावरच्या प्रसंगाला ११२, रात्री किंवा सुट्टीला डॉक्टर हवा पण तेवढं गंभीर नाही तर ११६११७.

वाढदिवसाला केक ज्याचा वाढदिवस त्यानंच न्यायचा. मी भडंग नेते, डबा रिकामाच परत येतो.

पैसा

महिन्याला ३,००० युरो पगार असेल आणि एकटे असाल तर हातात साधारण २,००० ते २,१०० येतात. घरी फोनवर सांगताना हातात येणाराच आकडा सांगा. ३,००० गुणिले रुपयाचा भाव असा हिशोब एकदा भावकीत फिरला की ट्रॅक्टरचा हप्ता, पुतण्याची फी, मंदिराची वर्गणी सगळं तुमच्याकडं येतं, आणि नाही म्हणताना तुम्हालाच वाईट वाटतं. पहिले सहा महिने घरी किती पाठवणार हा आकडा निघायच्या आधी आई-वडिलांसमोर बसून ठरवा. कर्ज असेल तर आधी तेच. आणि प्रत्येक कॉफीचे रुपये करत बसू नका, त्यानं माणूस बूट घेत नाही आणि पाय भिजवून आजारी पडतो.

रविवार आणि अंधार

मला वाटतं पहिल्या वर्षात माणूस खचतो तो कामावर नाही, रविवारी खचतो. डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो, दुकानं बंद, रस्त्यावर कुणी नाही, आणि तुम्ही पलंगावर पडून मोबाईलमध्ये गावच्या लग्नाचे व्हिडिओ बघताय. असे चार रविवार लागोपाठ गेले की सोमवारी उठवत नाही.

यावर उपाय म्हंजे फेराईन, इथले क्लब. प्रत्येक गावात असतात, वर्षाची फी थोडीच असते. व्हॉलीबॉल, फुटबॉल, डोंगरात चालायला जाणाऱ्यांचे, गाणाऱ्यांचे, आणि आपल्या पोरांसाठी खास सांगते, कुस्तीचे सुद्धा. या राज्यात कुस्ती क्लब बरेच आहेत. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत पदक आणलं, ते फ्रीस्टाइलमध्ये, आणि तीच फ्रीस्टाइल इथं मॅटवर खेळतात, तर तालमीत घाम गाळलेल्या पोराला पहिल्या दिवशी बोलता आलं नाही तरी मॅटवर उतरता येतं. भाषा मागनं येते. ज्यांना खेळ नको त्यांनी फोल्क्सहोखशूले, म्हंजे मोठ्या माणसांसाठीची शिक्षण केंद्रं, बघावीत, तिथं शिवणापासून जर्मनपर्यंत स्वस्तात क्लास असतात.

मोठ्या शहरांत मराठी माणसांचे ग्रुप आहेत, गणपती-दिवाळीला जावं, पोट भरून बोलावं. पण आठवड्याचे सगळे मोकळे तास तिथंच घालवू नका, नाहीतर दोन वर्षांनी पण दुकानात बोलायला मैत्रीण लागते.

थंडीत सुद्धा रोज उजेड असताना अर्धा तास बाहेर पडा, नाईट असेल तर उठल्या-उठल्या. ड जीवनसत्त्वाचं डॉक्टरला विचारा. आणि दोन-तीन आठवडे झोप येत नसेल, खावंसं वाटत नसेल, तर फॅमिली डॉक्टरकडं जाऊन सरळ सांगा, त्यात लाज कसली. रात्री-अपरात्री कुणाशी तरी बोलावंसं वाटलं तर ०८०० १११०१११ हा फोन फुकट आहे, नाव सांगावं लागत नाही, फक्त जर्मनमध्ये बोलावं लागतं.

घरचा फोन

उन्हाळ्यात आपण साडेतीन तास पुढं, हिवाळ्यात साडेचार, कारण मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथं घड्याळ बदलतं. तुम्ही संध्याकाळी साडेसहाला फोन केला तर हिवाळ्यात सांगलीत रात्रीचे अकरा, आई जागी राहते आणि पहाटे परत उठते. त्यापेक्षा रोज कामावर जाताना बसमध्ये दोन मिनिटं आणि रविवारी सकाळी नऊला निवांत, तेव्हा घरी दुपारची जेवणं चालू असतात किंवा नुकती झालेली असतात, सगळे भेटतात. दिवसभर व्हिडिओ कॉल चालू ठेवून स्वयंपाक करणारी माणसं मी बघते, त्यांना दोन्हीकडचं काहीच धड मिळत नाही.

वाईट बातमी आली तर काय, हे पण ठरवून ठेवा. एका तिकिटाचे पैसे वेगळे ठेवा, त्याला हात लावायचा नाही. पासपोर्टची मुदत बघत राहा, या राज्याचं काम म्युनिकच्या भारतीय वाणिज्य दूतावासाकडं येतं. आणि घरच्यांना सांगून ठेवा की आजारपण लपवायचं नाही.

सुट्टीचं नियोजन इथं वर्षाच्या सुरुवातीलाच मांडतात. आठवड्याला पाच दिवस काम असेल तर कायद्यानं वर्षाला किमान २० दिवस, बहुतेक ठिकाणी जास्तच मिळतात. गणपती, दिवाळी की गावची जत्रा हे घरी आधी विचारून घ्या आणि तारखा लवकर लिहून द्या, कारण ज्यांना पोरं आहेत त्यांना शाळेच्या सुट्ट्यांत आधी रजा मिळते. पहिली सहा महिन्यांची प्रोबेशन संपायच्या आत लांब सुट्टी मागू नका. तिकीट मात्र रजा लेखी मंजूर झाल्यावरच काढायचं.